आभारात माझं नाव

"तू पण ये गं वर," सर माईकवरून म्हणाले.

सेमिनार हॉल भरलेला. स्टेजवर अनिरुद्ध उभा, अंगावर शाल, हातात नारळ. मागं पडद्यावर त्याच्या पेपरच्या सायटेशनचा आलेख. जगात कुणी आपल्या पेपरचा आधार घेतला की सायटेशन एकानं वाढतं. त्याचं लई वाढलं होतं. आमच्या प्रयोगशाळेत तेवढं कुणाचंच नव्हतं.

मी उठले. ओढणी नीट केली. पायऱ्या चढले. सरांनी माझ्या हातात त्यांचा मोबाइल दिला.

"फोटो काढ. मागचा पडदा आला पाहिजे हं."

पहिल्या रांगेतले दोघं-तिघं हसले. मी फोटो काढला. दोन काढले. पहिला हलला होता.

तो पेपर क्षयाच्या जंतूंवर होता, औषधाला दाद न देणाऱ्या. रोग्यांच्या बेडक्याचे नमुने मी गोळा केले. सिल्लोडहून, खुलताबादहून, एसटीनं, बर्फाचा डबा मांडीवर घेऊन. हे जंतू बाटलीत वाढवायला महिना-दीड महिना लागतो. दिवाळीत सगळे घरी गेले तवा मी ह्या जंतूंपाशी होते. अनिरुद्धनं एक बाटली उघडली नाय. त्याचं इंग्रजी चांगलं. त्याचे वडील सरांचे वर्गमित्र. पेपरवर त्याचं नाव पहिलं, सरांचं शेवटचं. मी शेवटच्या पानावर, आभारात. "नमुने गोळा करण्यात मदत."

पेपर छापून आला तवाच सरांना विचारलं होतं, "सर, माझं नाव?"

फायलीतून वर न बघता ते म्हणाले, "तुम्हा लोकांना फेलोशिप मिळतेच की. पेपर काय करायचाय?"

तुम्हा लोकांना. त्यात माझं आडनाव आलं, माझी वस्ती आली. आन मी काय म्हणाले? "व्हय सर." दार हळूच लावून बाहेर आले.

तवापासून रोज सकाळी, चूळ भरायच्या आधी, मी मोबाइलवर त्याच्या सायटेशनचं पान उघडायची. आकडा वाढलेला दिसला की छातीत आग. मत्सरच तो. दुसरा शब्द नाय त्याला. त्याला परदेशातून भाषणाचं बोलावणं आलं तवा मी हसून पेढा खाल्ला आन बाथरूमात जाऊन थुंकून आले. वाटायचं, ह्याचा पेपर खोटा ठरावा. मग ध्यानात यायचं, तो खोटा तर माझंच काम खोटं. मला त्याचं वाईटसुद्धा धड चिंतता येईना.

त्या सत्कारानंतर सुट्टीला घरी गेले. माय लासूर स्टेशनच्या बाजारात धान्य चाळते. तिला पेपर दाखवला.

"तुजं नाव कुठंय?"

मी शेवटच्या पानावर बोट ठेवलं.

"एवढं बारीक? आन पयल्या पानावरचं ठळक कुणाचं?"

"बरोबरच्या पोराचं."

"त्यो येत व्हता का तुझ्यासंगं लोकांची थुंकी गोळा करायला?"

तिनं कागदाची घडी घालून माझ्या हातात दिली. "मंग मला कशाला दावतीस?"

आठवड्यानं अनिरुद्ध माझ्या टेबलापाशी आला. "ताई, परदेशातल्या एका मॅडमचा मेल आलाय. बुरशी लागलेल्या बाटल्या आपण कशा वेगळ्या केल्या, विचारतायत. जरा लिहून दे ना."

"आपण?"

"म्हणजे... तू."

"मग त्यांना तसंच लिही की, मला ठाऊक नाय, जिनं केलं तिला विचारा."

तो हसला. मी हसले नाय. तो सरांकडं गेला. सरांनी मला बोलावलं.

"लिहून दे. तुझ्या प्रबंधावर सही माझीच लागते, विसरू नकोस."

"नाय देणार, सर."

आवाज माझाच होता. त्याच दुपारी माझ्या वह्यांच्या पानापानाचे फोटो काढले, तारखांसकट, आन पेपर छापणाऱ्या संपादकांना पाठवले. लिहिलं, हे काम माझं आहे.

चौकशी चालू आहे, एवढंच उत्तर आलंय. सरांनी माझ्या फेलोशिपच्या अहवालावर सही केली नाय. प्रयोगशाळेची किल्ली काढून घेतली. अनिरुद्धचा आकडा वाढतोच आहे. मी अजून रोज बघते. अजून जळते.

दुसरा मार्गदर्शक मागायचा अर्ज मी दिलाय. नाय मिळाला तर प्रबंध राहील. राहू द्या. पण मदत म्हणून माझं नाव आता कुणी छापायचं नाय. छापायचं तर लेखकांत छापा. नायतर माझं काम तुमच्या पेपरातून काढा, आन बघा काय उरतंय.