जादूचा पिच्चर, चंद्राचा पिच्चर आणि एक रांजण

किस्से जमवावे लागत नाहीत हो. बहात्तरच्या दुष्काळात आम्ही ढोकीच्या अलीकडं रस्त्याच्या कामावर होतो, तेव्हाचंच बघा. खडी फोडावी लागायची, किस्से मात्र आपोआप पडायचे!

परवा नातू मित्राशी हातघाईवर आला होता. जादूचे सिनेमे आणि विज्ञानाचे सिनेमे, यांची तुलना करणं बरोबर आहे का, म्हणून. मी म्हटलं, अरे, हा खटला आम्ही हातात हातोडा घेऊन लढलोय. बसा खाली.

*

त्या साली ढोकीच्या साखर कारखान्याजवळ तंबूचा टॉकीज आला. दोनच पिच्चर, आलटून पालटून. एक जादूचा. त्यातला राक्षस टाळी वाजवायचा आणि एका वस्तूच्या दोन व्हायच्या. दुसरा चंद्राचा. डोक्यावर काचेची मडकी घातलेली माणसं रॉकेटात बसून तिकडं जायची.

आमच्या ढिगावर लगेच दोन पार्ट्या पडल्या. रावसाहेबतात्या जादूचे. मोठ्या रानाचे धनी, पण विहिरीत थेंब नाही, म्हणून आमच्या शेजारी बसून खडी फोडायचे. उद्धव चंद्राचा. तो माझा दोस्त, आमच्याच बौद्ध वस्तीतला, मॅट्रिक नापास, पण बोलायला वकील.

तात्या म्हणायचे, "ह्यांची बराबरी करणं इन्साफाचं न्हाय. बैल आन् मोटार एका शर्यतीत पळवता व्हय रं?"

"पळवायचीच!" उद्धव उसळायचा. "राक्षसाचं काय, टाळी वाजवली की झालं. रॉकेटासाठी माणूस राबलाय, तात्या!"

आमच्या वस्तीतली शेवंतामावशी हातोडा न थांबवता म्हणाली, "खोटं तर दोन्हीबी हाय. कुठलं खोटं आपल्याला परवडतंय, तेवढं बोला."

सगळ्यांत आधी तात्याच हसले.

*

चंद्रावरची माणसं एक गोळी खायची, की दिवसभर पोट टम्म! दुसऱ्याच दिवशी आम्हाला सरकारी सुकडी वाटली. उद्धवनं त्या भुकटीची चिमूट जिभेवर ठेवली आणि डोळे मिटले.

"काय वाटतंय रं?" तात्यांनी विचारलं.

"भूक."

तात्या खूश! "माझा राक्षस असता तर ताट वाढून आणलं असतं."

"मग बोलवा की त्याला," मावशी म्हणाली. "आमी काय नको म्हणतोय व्हय?"

त्या दिवशी कुणाच्याच फडक्यात भाकरी नव्हती, त्यामुळं हसणंही लवकर संपलं.

*

खडीचा ढीग मोजायला साहेब टेप घेऊन यायचा. तात्यांचा ढीग संध्याकाळी कमरेएवढा असायचा. साहेबाच्या टेपात तो गुडघ्याएवढा भरायचा!

"बघ, हीच जादू," तात्या दात ओठ खात म्हणाले.

"न्हाय न्हाय," उद्धव म्हणाला. "टेप लावलाय, म्हंजे शास्त्र!"

या एका बाबतीत मात्र दोन्ही पार्ट्यांचं एकमत झालं, की दोन्ही पिच्चर साहेबानंच काढलेले असणार.

*

आता पाण्याचं सांगतो. इथून पुढं हसू येईलच असं नाही.

कामावर पाण्याचा एकच रांजण होता. पाणी वाढायला गावातल्या गोदाकाकू. बाकीच्यांना पेल्यानं द्यायच्या. आमच्या वस्तीला लांब दांड्याच्या वगराळ्यानं, वरून, ओंजळीत. रांजणाला आम्ही हात लावायचा नाही. असं कुठं लिहिलेलं नव्हतं, पण सगळ्यांना पाठ होतं.

मावशीनं चंद्राचा पिच्चर बघितला आणि दुसऱ्या दिवशी कामावर आली. दुपारी एकदम बोलली, "त्यात रॉकेटात बसल्यावर एक माणूस काचंचं मडकं काढून पाण्याची बाटली तोंडाला लावतो, आन् तशीच दुसऱ्याला देतो. दुसरा पुसतबी न्हाय!"

"बरं, मग?" तात्या म्हणाले.

"राक्षसबी पाणी देतो तुमचा. सोन्याच्या सुरईतनं. पर वरनंच! म्या नीट बघितलंय. माझं मत चंद्राला."

उद्धव ओरडला, "जितलो!" तात्यांनी नुसता हातोडा जोरात हाणला.

त्या दुपारी गोदाकाकूंनी वगराळं उचललं, तर मावशी जागची हललीच नाही. "आता म्या ओंजळ करणार न्हाय," म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून ती ओढ्यातल्या झऱ्याचं पाणी किटलीत भरून आणायला लागली.

*

तात्यांना चिडवल्याशिवाय चैन पडायचं नाही. "शेवंता, तू चंद्रावर गेलीस तरी गोदा तिथंबी वगराळं घेऊन हुबी असंल बघ!"

"असू द्या की," मावशी म्हणाली. "तिथं समद्यांच्या डोस्क्यावर काचंचं मडकं. कोण कुणाचं, तिला कसं कळावं?"

गोदाकाकू रांजणापाशी बसून हे ऐकत होत्या. त्यांनाही हसू आलं होतं, मी स्वतः बघितलं. पण पदर तोंडाला लावून त्यांनी ते झाकलं.

*

मग झरा आटला. किटलीच्या तळाला नुसता गाळ यायला लागला. आम्ही मावशीला लई समजावलं. उद्धव तर हातापाया पडला. "मावशे, ऊन बघ कसलं हाय. आजच्या दिवस ओंजळ धर."

"जलमभर धरली की," मावशी म्हणाली. "आता बोटं सरळ झाली माझी."

दुपारी मी आणि उद्धव पलीकडच्या खाणीत दगड भरायला गेलो होतो. गोदाकाकू जेवायला गावात गेल्या होत्या. आरडाओरडा ऐकून आम्ही धावत आलो, तर मावशी खडीवर आडवी पडलेली आणि भोवती माणसं नुसती उभी. रांजणातलं पाणी वाढणारं कुणी नव्हतं ना!

तात्या मात्र खाली बसले होते. मावशीचं डोकं त्यांच्या मांडीवर होतं. त्यांनी वगराळं रांजणात बुडवून आणलं होतं आणि ते तिच्या ओठांना लावलं होतं. वरून नव्हे, ओठांना.

दोन घोट गेले. तिनं डोळे किलकिले केले.

"तात्या," ती म्हणाली, "तुमीबी चंद्रावर आलाव व्हय?"

बैलगाडीत घालून दवाखान्याकडं निघालो. ढोकी यायच्या आत मावशी गेली.

मला अजून राग येतो. इतकी वर्षं झाली, तरी येतो. पाणी तिथंच होतं हो! सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, सावलीत, गार!

*

काम काही बंद राहिलं नाही. मावशीला माती देऊन तिसऱ्या दिवशी आम्ही परत गेलो, तर तिथं दोन रांजण. नवा कोरा गाववाल्यांच्या बाजूला. जुना आमच्या बाजूला आणला होता आणि त्याच्यावर ते वगराळं उपडं घातलेलं होतं.

उद्धवनं एकदा हा रांजण बघितला, एकदा तो. "टाळी वाजली," म्हणाला. "एकाचे दोन झाले."

तात्यांनी मान वर केली नाही. दुपारी तहान लागली तसे उठले आणि नव्या रांजणापाशी गेले, नेहमीसारखे. पेला शेजारीच होता. गोदाकाकूंनी पेल्याला हात लावला नाही. त्यांनी नवं वगराळं आणलं होतं. ते भरलं, आणि दांडा खांद्याएवढा उंच धरला. खाली बघूनच म्हणाल्या, "गावानं सांगितलंय तसं, तात्या."

सगळे हातोडे थांबले. तात्या उभे राहिले, उभेच राहिले. मग वाकले आणि दोन्ही हात पुढं केले. वरून पाणी आलं आणि बोटांच्या फटींतून सगळं फुफाट्यात गेलं. काकूंनी पुन्हा ओतलं. पुन्हा तेच. तोंडाशी थेंब पोचेना.

उद्धव आमच्या बाजूनं उठला. त्यांच्याजवळ गेला आणि हळूच म्हणाला,

"तात्या, अंगठे आत घ्या."