गाळून घेतलेलं डिझेल

मालकांनी मुंबईहून गाडी आणली तेव्हा गावातल्या बायका मला म्हणाल्या, "सुटलीस गं बाई." खोटं नव्हतं त्यांचं. लग्न झाल्यापासून नवरा मला दिसायचा तो गणपतीत आणि शिमग्याला. एरवी मी, सासूबाई आणि कोळवणच्या खोऱ्यातली आमची भातखाचरं. मालक म्हणजे माझे यजमान. नाव घ्यायची आमच्यात पद्धत नव्हती, आणि आता म्हातारपणी घ्यावं म्हटलं तर जीभ वळत नाही.

साठ सालच्या आसपासची गोष्ट. गाडी होती डिस्पोजलची, लढाई संपल्यावर लष्करानं लिलावात काढलेली. पुढं दोघं-तिघं बसतील एवढी केबिन, मागं उघडा हौदा. मूळचं पेट्रोलचं इंजिन काढून कुणीतरी तिला डिझेलचं इंजिन बसवलं होतं. खोऱ्यातला तांदूळ, पेंढा, भाजीपाला पुण्याला न्यायचा आणि येताना दुकानदारांचा माल आणायचा, असा मालकांचा बेत. आल्या दिवशीच त्यांनी ओसरीवर बसून सांगून टाकलं, "दिवाळीपातूर बघायचं. चालली तर म्या हितंच. न्हाई चालली तर इकायची आन् परत मुंबई."

त्या दिवसापासून गावात माझ्याइतकी त्या गाडीची काळजी कुणाला नसेल. बायका देवाला नवस बोलतात, मी गाडीला बोलत होते. चाल गं बाई, एवढी दिवाळी काढ.

सपाटीवर ती चालायचीही शहाण्यासारखी. पौड यायचं, पिरंगुट यायचं, आणि मग घाट लागला की तिचा जीव वर यायचा. काळा धूर, खोकला, आणि मधल्या वळणावर मुक्काम. निम्मी पोती रस्त्याच्या कडेला उतरायची, रिकामी गाडी वर न्यायची, परत खाली येऊन उरलेली पोती भरायची. यष्टीतले लोक खिडकीतून माना काढून हसायचे. मालक घरी येऊन जेवण अर्धं टाकून उठायचे.

शेवटी पुण्याच्या एका मिस्त्रीनं इंजिन उघडून सांगितलं, "पंप लहान आहे हो. इंजिन मागतंय आणि पंप देत नाही. मोठा पंप बसवा, नोझलं नवी टाका, मग बघा." नोझल म्हणजे पंपाकडून आलेलं डिझेल इंजिनात फवारणारी तोटी. मिस्त्री पुढच्या आठवड्यात यष्टीनं आला. मांडीवर पंप, गोणपाटात गुंडाळलेला, एखादं पोर घेऊन यावं तसा. सासूबाईंनी पंपाला हळदकुंकू वाहिलं. मिस्त्री खेकसला, "आजी, भोकात जाऊ देऊ नका काही. याला केसाएवढी घाण सोसत नाही."

अंगणात बसून त्यानं नोझलं तपासली. एकेक नोझल हातपंपाला लावून दांडा दाबला की टोकातून डिझेल उडायचं. "धार आली तर नोझल वाया गेलं. फवारा पाहिजे, धुक्यासारखा," तो म्हणाला. सगळ्यांतून धुकं उडालं. पंप बसला, नळ्यांतली हवा काढली, आणि दुसऱ्या दिवशी गाडी भरल्या पोत्यांनिशी घाटाच्या शेवटच्या वळणापर्यंत एका दमात गेली. जाताना मिस्त्री एवढंच बोलून गेला, "डिझेल गाळून घालत जा. पिंपात फार कचरा असतो."

या एका वाक्यानं माझं वाटोळं करत आणलं होतं.

डिझेल पौडाहून पिंपात भरून यायचं आणि गोठ्याशेजारी उभं राहायचं. गाळायचं काम सासूबाईंनी आपणहून घेतलं. "गाळायचं काय मला शिकवाया नगं," म्हणाल्या. ते खरंच होतं. औषधाची पूड असो, पीठ असो, की ओढ्याचं पाणी, वस्त्रगाळ करावं ते त्यांनीच. आम्ही सगळे भातकाढणीला शेतावर. घरी त्या, पिंप आणि त्यांच्या जुन्या लुगड्याचं मऊ फडकं.

चार खेपा बऱ्या गेल्या आणि गाडी आचके द्यायला लागली. आता धूर काळा नव्हता, पांढरा होता. मिस्त्री आला, नोझलं काढली, तर टोकं तांबारलेली. एकातून धार, दुसऱ्यातून थेंब. "डिझेल गाळता ना?" त्यानं विचारलं. मालक म्हणाले, "व्हय, येकदा गाळतो." "दोनदा गाळा."

दोनदा गाळायला सुरुवात झाली आणि गाडी दुप्पट रुसली. घाट राहिला बाजूला, पौडापर्यंत जाईना. मिस्त्री पंप विकणाऱ्याला शिव्या द्यायला लागला, मालक मिस्त्रीला, आणि सासूबाईंनी गाडीला नजर लागली म्हणून बॉनेटला बिब्बा, मिरच्या बांधल्या. मी मनातल्या मनात तिघांनाही शिव्या देत होते. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय! दिवाळी तोंडावर आली होती. एका सकाळी मालकांनी माळ्यावरून पत्र्याची पेटी खाली काढली, धूळ झटकली आणि कोपऱ्यात ठेवली. मुंबईला जाताना तीच पेटी न्यायचे. मी त्या पेटीवर धुण्याचा ढीग टाकला, निदान दिसू तरी नये.

त्याच दिवशी दुपारी भाकरी न्यायला मी शेतावरून लवकर घरी आले. सासूबाई पिंपाशी बसल्या होत्या. त्यांनी फडकं पाण्याच्या घंगाळात बुचकळलं, हलकंसं झटकलं आणि डब्याच्या तोंडावर पसरलं. वर डिझेल ओतलं. ते ओल्या फडक्यावर तळं होऊन बसलं, खाली उतरेना. मग त्यांनी फडक्याची चारी टोकं गोळा केली आणि दात-ओठ खाऊन पिळलं, थेंब न् थेंब डब्यात पडेपर्यंत. मग तोच डबा दुसऱ्यांदा गाळायला घेतला. त्याआधी फडकं परत भिजवलं.

गाडीला काय होतंय ते मला दारातच कळलं. त्यांचंही काय चुकलं? गाळायचं फडकं आधी ओलं करायचं, हे आमच्याकडं लेकीला बोलता यायच्या आधी कळतं. ओल्या फडक्यात कचरा अडकतो, कोरड्यातनं निसटतो. पाण्याला ते बरोबर आहे. डिझेलला कुणी विचारलं होतं? मिस्त्री म्हणाला गाळा, आम्ही गाळलं. प्रत्येक खेपेला पिळून पिळून पाणी गाडीला पाजलं, वर लुगड्याचे तंतू वेगळे.

सासूबाईंना सुनेनं चूक सांगायची सोय नव्हती. संध्याकाळी मी मालकांना गाठलं. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मी चोरीचा आळ घेतला.

"आईच्या हातचं गाळलेलं पानी पिऊन म्या वाढलो. तिला काय कळत न्हाई व्हय?"

"तुमी वाढला पान्यावर. गाडी न्हाई वाढायची," मी म्हणाले.

पुढं दोन दिवस बोलणं बंद. मला रडू येत होतं ते अबोल्यानं नाही. ज्याला घरी ठेवायला मी धडपडत होते, तोच माणूस मला ते करू देत नव्हता, याचा राग होता तो.

मग मी दुसरा रस्ता धरला. सासूबाईंच्या भाकरीला डिझेलचा वास यायचा आणि मालक रोज कुरकुरायचे. मी म्हणाले, "आत्याबाई, तुमच्या हाताला वास ऱ्हातोय. भाकरी तुमीच करा, डिझेलचं म्या बघते." भाकरी करायचा मान सोडायला त्या तयार नव्हत्या, म्हणून डिझेल माझ्याकडं आलं. मी फडक्याला हातच लावला नाही. पावसाळ्यात गढूळ पाणी निवळू देतात, तसं पिंप न हलवता ठेवलं आणि वरचं वरचं काढून घेतलं. सासूबाई साऱ्या आळीला सांगत सुटल्या, "आमची सून न गाळता घालतीया!"

मिस्त्री नवी नोझलं घेऊन आला तेव्हा मी पदर सावरून त्याला सरळच म्हणाले, "आदी टाकीचं खालचं बूच उघडा." मालकांनी डोळे वटारले. मिस्त्रीनं बूच उघडलं. आधी पाणी आलं, भडाभडा, आणि त्याच्या मागून लुगड्याच्या तंतूंचे शेवाळासारखे गुंते. मालकांनी एक गुंता बोटावर घेतला. मग धोतराला हात पुसला आणि म्हणाले, "पाना दे गं." शाबासकी म्हणून एवढंच. तरी मी खूश होते, कारण दिवाळी अजून यायची होती.

पंप आतून साफ झाला, नोझलं बसली, पोती भरली. "म्या येणार," मी म्हणाले, आणि कुणी हो-नाही म्हणायच्या आत केबिनीत चढून बसले. घाट लागला तेव्हा मी डोळे मिटून घेतले होते. पहिलं वळण गेलं. ज्या वळणावर पोती उतरायची तेही गेलं. इंजिनाचा सूर खाली आला नाही. डोळे उघडले तर समोर नुसतं आभाळ, आणि मालक हसत होते. लग्नानंतर इतकं मोकळं हसताना मी त्यांना पाहिलं नव्हतं.

माथ्यावर त्यांनी गाडी कडेला घेतली, पण बंद केली नाही. "आयकतीयास का आवाज? आता ही कुटंबी जाईल."

"कुटंबी कशाला? पुन्याला गेली म्हंजी झालं."

"साताऱ्याच्या अंगाला धरनाचं काम चाललंया. तितं आशाच गाड्या लागत्यात. मिस्त्रीनं शब्द टाकलाय. गाडी घाट चढली की निघतो म्हनलोय त्येला."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. "चालली तर हितंच ऱ्हानार म्हनला हुता न्हवं?"

"आगं, त्ये नुसती चालली तर. आशी चालंल, हे कुनाला ठावं हुतं?"

"आन् म्या?"

"तू हितंच. आईचं वय झालं, भातं हायेत. म्या येत जाईन की अधनंमधनं."

त्यांच्या बोलण्यात लबाडी नव्हती, तोंडावरचा आनंदही खरा होता. म्हणून तर मला भांडताही येईना. त्यांनी गाडी उताराला घातली. इंजिन गुळगुळीत चाललं होतं, एक ठोका चुकत नव्हता, आणि त्या आवाजाचा मला इतका संताप आला की पुणं येईपर्यंत मी दोन्ही कान पदरात दाबून बसले.