भीमराजच्या वहीवरची लाल रेघ

चाकणच्या कारखान्यात भीमराजने एकतीस वर्षं डाय, म्हणजे प्रेसवर पत्रा कापायचे साचे, सांभाळले. कुठली डाय कधी उतरवायची, धार कधी लावायची, हे त्यानेच सांगायचं. त्याच्या हातून चुकीचा माल कधी पुढे गेला नाही. वर्षभराने तो निवृत्त होणार, म्हणून हे सगळं कॉम्प्युटरवर घ्यायचं ठरलं. चिखलीच्या घरी बसून त्याने दोन महिने वही लिहिली. साठ पानं. प्रत्येक पानावर सही.

वही दिल्यावर पंधराव्या दिवशी स्वरूपा लॅपटॉप घेऊन कारखान्यात आली. सॉफ्टवेअर बनवणारी ही पोरगी, पुनावळ्याची. स्क्रीनवर एकच चौकट होती. बाकी कोरं.

भीमराज थक्कच झाला. "एवढंच? अर्धं काम गिऱ्हाइकाला दाखवतेस? लाज न्हाई वाटत?"

"काका, मुद्दामच अर्धं. दर पंधरा दिवसांनी थोडं बनवायचं, तुम्हाला दाखवायचं, तुम्ही चुका काढायच्या. याला आमच्याकडे स्प्रिंट म्हणतात."

"चुका कशाला निघतील? वहीत सगळं हाय. एकदम पुरं करूनच आण."

प्रेसवरचा नवनाथ हसला. "भाऊ, शिफ्टचा पहिला पीस तपासल्याशिवाय तुम्ही आम्हाला दुसरा मारू देत नाही. तिला बरं एकदम हजार मारायला सांगताय!"

भीमराज खुर्ची ओढून बसला. "सकाळी उतरवलेली डाय टाक."

स्वरूपाने आकडा टाकला. डायने मारलेले एकवीस हजार ठोके. चौकट हिरवी झाली. त्यात अक्षरं उमटली: डाय चालू ठेवा.

ती डाय भीमराजने स्वतः उतरवली होती. पीसच्या कडेवरून नख फिरवलं तेव्हा ते अडकलं होतं, म्हणजे डायची धार गेली होती.

"हिरवं कसं?" तो ओरडला.

स्वरूपाने वहीचं पान पुढे केलं. "तुम्ही लिहिलंय, चाळीस हजार ठोक्यांनंतर उतरवा. नखाचं कुठेच नाही."

त्याने पान वाचलं. पुन्हा वाचलं. साठच्या साठ पानं उलटली. रोज शंभरदा करायची गोष्ट लिहायचीच राहिली होती. तो गेल्यावर ही डाय तशीच चालली असती आणि खराब माल गाडीत चढला असता. त्याच्या सहीने.

बाद मालावर खूण करायचा लाल खडू खिशातच होता. इतकी वर्षं तो दुसऱ्यांच्याच कामावर चालला होता. भीमराजने स्वतःच्या सहीवर आडवी रेघ ओढली.

"पंधरा दिवस नकोत," तो म्हणाला. "सोमवारीच ये. आणि तो लॅपटॉप ठेव बाजूला. आधी नख फिरवायला शिक."