पाय टेकायला जागा

मालवणच्या संरक्षित समुद्रात प्रवाळ बघायला गेलो आणि नावाडी माझ्यावरच ओरडला, याचा राग अजून गेलेला नाही. बरीच हुज्जत घालून मी त्याच्याकडून पाण्यात थोडा जास्तीचा वेळ कबूल करून घेतला होता. पोहण्याच्या चष्म्यात पाणी शिरलं म्हणून क्षणभर खाली पाय टेकून उभा राहिलो, तोच तो नावेतून कडाडला, "शेटानू, पाय उचला! दगड नाय तो, जितो आसा!"

आयुष्यात मला कुणी बसायला पाट दिला नाही. जिथे गेलो तिथे पाय रोवूनच जागा मिळवली. आणि इथे एवढ्या मोठ्या समुद्रात मला टाच टेकायची सोय नव्हती! चरफडत नावेची कड धरून लोंबकळलो आणि खाली पाहिलं. मी उभा होतो तिथे जांभळ्या प्रवाळावर पांढरा ओरखडा उमटला होता.

"भरून यायला किती दिवस लागतील?" मी विचारलं.

"तां तुमच्या नातवाक इचारा," तो म्हणाला.

मी भांडायला तोंड उघडलं, पण भांडणार कोणाशी? ज्याला मी तुडवलं होतं, त्याला साधं ओरडताही येत नव्हतं.