मालनआत्याने पाहिलेली तीन नाटकं

आमच्या गावात गेली अडतीस वर्षं जी नाटकं झाली, ती आधी मालनआत्याच्या तोंडून बाहेर पडली आणि मग आमच्या. हे मी कौतुकाने नाही, अनुभवाने सांगतोय. माघी उत्सवाच्या नाटकात म्हातारीचं काम अठरा वर्षं माझ्याकडे आहे. दर माघात मी मिशी उतरवतो, लुगडं नेसतो, स्टेजवर जातो आणि पहिलं वाक्य संपलं की विंगेकडे बघतो. विंगेत स्टुलावर आत्या, मांडीवर नाटकाची वही आणि हातात छोटी बॅटरी. बाकीच्यांना ती वाक्याचे पहिले दोन शब्द देते. मला अख्खं वाक्य लागतं.

"गुरू, तुज्यापेक्षा रेडिओ ठेवलेला बरा," ती म्हणते. "निदान त्याला लुगडं नेसवायला नको."

आत्याचं माहेर आणि सासर एकाच गावात. अर्ध्या गावाची ती नात्याने आत्या, उरलेल्या अर्ध्याची सवयीने. तीस वर्षं बालवाडी चालवली, आता निवृत्त आहे. प्रॉम्प्टिंगला बसली तेव्हा तेवीस वर्षांची होती. तिचा भाऊ प्रॉम्प्टर होता, त्याला ऐन नाटकाच्या दिवशी ताप भरला आणि तिच्याइतकं सरळ वाचणारं दुसरं कोणी सापडेना. त्या काळी गावातली बाई स्टेजवर चालत नसे. बायकांच्या कामाला रत्नागिरीहून नट्या आणायचे. त्या दुपारच्या एसटीने उतरायच्या, चहा प्यायच्या आणि एकही तालीम न करता उभ्या राहायच्या. त्यांची सगळी भिस्त आत्यावर. गावची बाई पडद्यापुढे नको, पडद्याआड चालेल, असा हा आमच्या गावाचा उदारपणा! पुढे गावच्या पोरी बिनधास्त कामं करायला लागल्या, म्हातारी व्हायला मात्र एकही तयार नसे म्हणून ती माझ्याकडे आली, पण आत्याचं स्टूल होतं तिथेच राहिलं.

यंदा तेही उचलायची वेळ आली. दिग्दर्शन ऋत्विककडे होतं. हा आमच्याच वाडीतला, मुंबईत नोकरी करता करता नाटकाची शिबिरं केलेला. पहिल्याच बैठकीत त्याने सांगून टाकलं की यंदा प्रॉम्प्टर नाही. मला असा राग आला की विचारू नका. काही राग आत्यासाठी होता, बाकीचा माझ्यासाठी.

आत्या मात्र शांत. "का रे नको?" एवढंच तिने विचारलं.

"प्रॉम्प्टर असला की कोणी पाठ करत नाही, आत्या." हे बोलताना त्याने माझ्याकडे बघायची काही गरज नव्हती. "पुढच्या शनिवार-रविवारी रत्नागिरीत हौशी संघांची तीन नाटकं आहेत. एकातही प्रॉम्प्टर नाही. आपण सगळे जाऊ. बघून तूच सांग, आपल्याला लागतो की नाही."

"आणि मी सांगेन ता तुला चालंल?"

"चालेल. तुझा शब्द शेवटचा."

पोरगा हुशार. तिच्या स्टुलाचा निकाल त्याने तिलाच द्यायला लावला. मी आत्याला बाजूला घेऊन म्हटलं, "सरळ लागतो म्हणून सांग नि मोकळी हो." ती म्हणाली, "आधी बघू तर दे, मेल्या."

शनिवारी आम्ही अकरा जण एसटीने निघालो. वाटेत पूर्णगडच्या थांब्यावर हाजरा चढली. ही आत्याची शाळेपासूनची मैत्रीण. आमच्या नाटकाचा सगळा कपडेपट तिच्या मशीनवर होतो, माझी चोळीसुद्धा. रत्नागिरीत राजिवड्याला तिच्या बहिणीकडे बायकांची राहायची सोय होती, आम्हा पुरुषांची ऋत्विकच्या मित्राच्या खोलीवर.

पहिलं नाटक चारला सुरू झालं. एक बाप, एक मुलगी, बाकी कोणी नाही. आम्ही तिसऱ्या रांगेत. एकदा घर सोडून गेलेली मुलगी पुन्हा निघते, दारात थांबते आणि बापाला विचारते, "तेव्हा मला अडवलं का नाहीत?" बाप गप्प. थिएटर गप्प. बाप अजून गप्प. माझ्या डाव्या बाजूला आत्याचा श्वास बदलला. मी ओळखलं, पण तोवर उशीर झाला होता. अडतीस वर्षांची सवय ती. आत्याचा प्रॉम्प्टिंगचा आवाज मोठा नसतो, पण नेमका स्टेजपर्यंत पोचतो.

"घाबरलो होतो..." आत्याने वाक्य दिलं.

बापाने एकदा आमच्या रांगेकडे बघितलं, मग मुलीकडे, आणि म्हणाला, "घाबरलो होतो."

थिएटर खो खो हसलं. खरं तर तिथे लोकांनी रडायचं होतं. हाजराने आत्याच्या दंडाला असा चिमटा काढला की तो मला जाणवला. ऋत्विकने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मला लाज वाटली आणि अभिमानही वाटला, कारण ते नाटक आत्याने जन्मात वाचलेलं नव्हतं. पुढचं वाक्य काय असणार हे तिला नुसतं ऐकून कळलं होतं.

नाटक संपल्यावर ती उठली ती तडक रंगपटात. मी मागोमाग. बापाचं काम करणारा तिशीतला मुलगा पांढऱ्या मिशा सोडवत होता.

"बाळा, मी चुकले," आत्या म्हणाली. "तुज्या कामाची माती केली. पण मला खरं सांग, तू विसरला नव्हतास?"

"नाही हो, मावशी. ती शांतता बसवलेली आहे. मी मनात अकरापर्यंत मोजतो."

"गप्प राहाणं बसवतात?"

"वाक्यांपेक्षा जास्त तालमी तिच्याच झाल्या."

रात्री आम्ही राजिवड्याला गेलो. हाजराच्या बहिणीने सगळ्यांनाच जेवायला थांबवलं होतं. तांदळाच्या भाकऱ्या आणि सुरमई. मी तीन तुकड्या खाल्ल्या. आत्या एकच भाकरी पुढ्यात घेऊन बसली होती आणि ओठ न हलवता काहीतरी मोजत होती.

रविवारी सकाळी दहाला दुसरं नाटक. बसल्या बसल्या हाजराने आत्याचं मनगट धरून ठेवलं. अर्ध्या तासाने एक पोरगी बोलता बोलता थांबली. मला वाटलं, हीसुद्धा बसवलेलीच शांतता असणार. कालपासून मी त्यातला जाणकार झालो होतो.

"ही विसरलीय," आत्या माझ्या कानात म्हणाली. "पाय बघ. विसरलेल्या माणसाचे पाय आधी हलतात. कालच्याचे हलले नव्हते. मी तोंडाकडे बघत बसले, तिथे चुकलं माजं."

पोरीचा उजवा पाय खरंच चुळबुळत होता. आत्या खुर्चीच्या कडेला आली, पण गप्प राहिली. स्टेजवर दुसरी बाई सहज उठली, पोरीच्या हातातला तांब्या घेतला आणि म्हणाली, "तू बाजारात गेली होतीस ना? मग कोण भेटलं तिथे?" पोरीची गाडी रुळावर आली. कोणाला काही कळलंसुद्धा नाही. आत्या मागे टेकली आणि तिने हाजराच्या हातातून आपलं मनगट हळूच सोडवून घेतलं. आता ते धरायची गरज नव्हती.

तिसरं नाटक दुपारी तीनचं. त्यात आत्याच्याच वयाच्या एक बाई होत्या, दातांची कवळी लावणाऱ्या, बहुतेक पहिल्यांदाच काम करणाऱ्या. त्यांचा आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचत नव्हता. तरी शेवटी त्या नमस्कार करायला पुढे आल्या, तेव्हा आत्या उभी राहून टाळ्या वाजवत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिला रडताना मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं, आणि तिने ते पुसलंही नाही.

परतीच्या एसटीत ऋत्विक तिच्या पुढच्या सीटवर बसला. विचारायचं धाडस त्याला होत नव्हतं. शेवटी तीच बोलली.

"नको रे प्रॉम्प्टर. तुजं बरोबर हाय. एकमेकांकडे बघून काम केलं की निभतं. आमचे मेले सगळे माज्याकडे बघून काम करतात."

ऋत्विकचा चेहरा खुलला आणि लगेच उतरला. "आत्या, म्हणजे तू..."

"म्हणजे मी मोकळी झाले. तर म्हातारीचं काम मी करीन."

बसमध्ये एकदम शांतता पसरली आणि ती बसवलेली नव्हती. मी म्हटलं, "आणि मी?"

"तू मिशी ठेव."

"पण आत्या, स्टेजवर कधी तू..." ऋत्विक चाचरला.

"गुरू, दुसऱ्या अंकातलं म्हातारीचं पहिलं वाक्य सांग," आत्या म्हणाली. आत्यानेच उतरवून दिलेली यंदाच्या नाटकाची वही बैठकीच्या आधीपासून माझ्याकडे होती. मी सवयीने तिच्याकडे बघितलं. ती हसली, आणि ते वाक्य म्हणाली, त्याच्या पुढचं म्हणाली, अख्खा प्रवेश म्हणाली, वळणावळणावर पुढच्या सीटचा दांडा धरून. कंडक्टर तिकिटं द्यायचा थांबला होता. अठरा वर्षं मी त्या बाईचं काम अडवून बसलो होतो, हे मला त्या बसमध्ये कळलं. तिला विचारायला हवं होतं, आणि विचारलं तर आपलं काम जाईल ही भीती माझ्या मनात कुठेतरी होतीच. आता लपवून काय उपयोग?

माघात नाटक झालं. पडदा उघडायच्या आधी ऋत्विकने मला गुपचूप विंगेत बसवलं, त्याच स्टुलावर, हातात वही देऊन. "आत्याला कळू देऊ नकोस," म्हणाला, "पण वयाचा भरवसा नाही." प्रॉम्प्टर नको म्हणणारा हाच तो गृहस्थ!

शेवटच्या प्रवेशात मुलगा आईला म्हणतो, "आई, आजवर सगळं आम्हीच ठरवलं. तुला काय हवं ते कधी विचारलंच नाही." यावर म्हातारीचं वाक्य आहे. आत्या गप्प राहिली. मांडव गप्प. पहिल्या रांगेत हाजराने पदर तोंडाशी नेला. ऋत्विक पलीकडच्या विंगेतून मला हाताने खुणा करायला लागला, दे, दे. मी वहीत बोट ठेवलं, तोंड उघडलं, आणि आत्याचे पाय बघितले.

ते जागच्या जागी होते. मी वही मिटली आणि मोजायला लागलो. नऊ, दहा, अकरा.

"आता विचारलंस ना?" आत्या म्हणाली. "मग बस. सांगते."