वेलांट्याची पाटी

आमच्या आईला आम्ही भावंडंही बाईच म्हणायचो. त्या आमच्याच शाळेत भाषा शिकवायच्या, आणि पोटची पोरं म्हणून सवलत वगैरे काही नाही, उलट दोन छड्या जास्तच. "शेवटचं अक्षर साधं असेल तर त्याच्या आधीची वेलांटी दुसरी!" हा नियम त्यांनी माझ्या धाकट्या भावाकडून घोटून घेतला, पण पालथ्या घड्यावर पाणी. त्याची वेलांटी हटकून पहिलीच. वहीच्या समासात चित्रं मात्र अशी काढायचा की बघत राहावं. बाई त्या चित्रांवरही लाल रेघ ओढायच्या. पोरांनी त्याला वेलांट्या म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव जन्माला चिकटलं.

हाच वेलांट्या पुढे टेलिव्हिजन केंद्रात चित्रकार म्हणून लागला, तेव्हा हसावं की रडावं मला कळेना. त्या काळी पडद्यावरची अक्षरंसुद्धा हातानं रंगवायचे. म्हणजे याची अक्षरं आता घरोघरी दिसणार! अरे देवा!

"बाई, मी नवी पाटी रंगवलीय," तो एकदा म्हणाला. "कार्यक्रम मध्येच बंद पडला की दाखवतात ना, ती. अँटेनात अडकलेला पतंग काढलाय. बघा हं तुम्ही."

"बघेन," बाई म्हणाल्या. छान म्हणायची त्यांना सवयच नव्हती.

पण पाटी तयार झाली आणि कार्यक्रम बंद पडायचं नाव घेईना. आधी प्रक्षेपण दिवसाआड लटकायचं, आता दोन महिने ठणठणीत! निम्मी गल्ली आमच्या खोलीत बसून टीव्ही बघायची, आणि एकट्या बाई काचेला नाक लावून बिघाडाची वाट बघायच्या. नाक लावून, कारण त्यांचे डोळे जात चालले होते. सोमवारी ऑपरेशन होतं. नंतर दिसेलच याची खात्री नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

शनिवारी वेलांट्या न जेवताच कामाला निघाला. "माझं एक तरी काम बाईंनी डोळ्यांनी बघायला हवं होतं गं ताई," एवढंच जिन्यात बोलला.

संध्याकाळी कुणा बड्या पाहुण्याचं भाषण लागलं होतं. पाहुण्यानं घसा खाकरला, आणि खट्! पडद्यावर पतंग.

"घ्या! पडलं बंद!" शेजारचे काका करवादले.

बाई बोट लावून वाचू लागल्या. मी त्यांच्या खांद्यावरून वाचलं. पतंगाखाली टपोऱ्या अक्षरांत होतं, "व्यत्ययाबद्दल दिलगिर आहोत." गि! पहिली! मेल्या, इथेही? बाईंचं बोट नेमकं त्याच अक्षराखाली थांबलं. दुसरा हात सवयीनं टेबलावरच्या लाल पेन्सिलीकडे गेला आणि मग मागे आला. चांगलं मिनिटभर ती पाटी हलली नाही.

तासाभरानं वेलांट्या घरी आला. चेहरा पांढराफटक.

"बिघाड नव्हता," तो म्हणाला. "कंट्रोल रूममध्ये शिरून मीच बटण दाबलं. मिनिटभर कुणाला हात लावू दिला नाही. काढून टाकलं मला."

ही आमची गरीब गाय! शाळेत घंटेआधी कधी दप्तर न उचललेला हा पोरगा, आणि यानं चालू भाषण बंद पाडलं?

वेलांट्या बाईंच्या पायाशी बसला आणि जन्मात पहिल्यांदा म्हणाला, "आई, दिसलं का गं?"

आता बाई काय म्हणणार, ते मला पाठ होतं. मी डोळेच मिटून घेतले.

"दिसलं," बाई म्हणाल्या. "छान काढलायस पतंग. आणि एकही चूक नाही. दहापैकी दहा."

मी खाडकन डोळे उघडले. बाई खोटं बोलल्या? आमच्या बाई?

सोमवारनंतर बाईंना काही दिसलं नाही. ती पाटी त्यांच्या वाचनातली शेवटची. वेलांट्या अजूनही दिलगीर पहिल्या वेलांटीनंच लिहितो, आणि ते चुकीचं आहे हे सांगायला माझी जीभ रेटत नाही.