अनुसयाबाईची सावली

तळेगावात अनुसयाबाईइतकं उन्हाचं भान कुणालाच नव्हतं. समोरून पोटुशी बाई आली, की ती आधी सूर्य कुठं आहे ते बघायची आणि आपली सावली त्या बाईवर पडणार नाही अशा अंगानं सरकायची. असं कर म्हणून तिला कुणी सांगितलं नव्हतं. गाव फक्त एवढंच म्हणालं होतं, की हिची सावलीच खोटी. पुढचं तिनं आपलं आपण शिकून घेतलं. गावाचं हे एक बरं असतं, शिक्षा ठोठावून मोकळं व्हायचं. भोगणारा ती इमानानं भोगत राहतो.

पहिली लेक शांता चांगली गुटगुटीत झाली होती, ती दोन वर्षांची होऊन गोवरानं गेली. नंतरची चारही मुलं जन्मली आणि हळद माखल्यासारखी पिवळी पडून बारशाआधीच गेली. मग नवऱ्यानं, बबनरावानं, लीलाबाईला करून आणलं. तिची तिन्ही पोरं ठणठणीत निघाली. झालं, गावाला पुरावाच मिळाला! अनुसयाबाईनं आपलं चंबूगबाळं गोठ्याशेजारच्या खोलीत हलवलं. घरात बारसं असो की डोहाळजेवण, त्या दिवशी ती कुणाला न सांगता वावरात निघून जायची. तिला कुणी शोधतही नसे.

त्र्याऐंशी साली लीलाबाईची सून नलू पहिलटकरीण होती. सातव्या महिन्यात तिला भोवळ येऊ लागली, डोळे पांढरे पडले. वर्ध्याच्या दवाखान्यात नेऊन रक्त तपासायला हवं होतं. नेमका लीलाबाईचा पाय मोडून प्लास्टरात, आणि कापसाची वेचणी ऐन भरात. घरात रिकामं माणूस एकच उरलं.

"जाय बाई, तूच घेऊन जाय इले," लीलाबाई म्हणाली. म्हणताना तिनं नजर मात्र दुसरीकडं वळवली.

एसटीत अनुसयाबाई नलूच्या मागच्या बाकावर बसली. वर्ध्याला उतरल्यावरही ऊन बघून, अंतर ठेवून चालू लागली.

"मोठ्याबाई, अशा दूर दूर काऊन चालून राह्यल्या? मले भेव वाटते."

"चाल तू. मी हाय ना."

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी नलूचं रक्त घेतलं. अंगात रक्त कमी दिसतंय, बाळंतपणात द्यायची वेळ आलीच तर हाताशी असावं, म्हणून सोबत आलेल्या बाईंचंही तपासून ठेवू, असं त्या म्हणाल्या. अनुसयाबाईनं हात पदराखाली लपवला.

"माह्यं नका घेऊ, बाई. माह्यं चांगलं नाई."

"बघू तरी," म्हणत त्यांनी सुई टोचलीच.

दुपारी दोघींना पुन्हा आत बोलावलं. नलूला लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या, बाकी काळजीचं काही नव्हतं. मग डॉक्टरीणबाई अनुसयाबाईकडे वळल्या. "तुमचं रक्त निगेटिव्ह आहे. मुलं किती तुम्हाला?"

"पाच झाले. हाय एकबी नाई."

त्यांनी हातातला कागद बाजूला ठेवला. "पहिलं चांगलं झालं असेल. आणि पुढची पिवळी पडून गेली का?"

अनुसयाबाईनं चमकून नलूकडे पाहिलं. गावाची जीभ लांब होती हे खरं, पण ती वर्ध्यापर्यंत पोहोचली? नलूनं मान हलवली. तिनं कुणाला काहीच सांगितलं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची जवळ ओढली. नवऱ्याचं रक्त पॉझिटिव्ह आणि बायकोचं निगेटिव्ह असलं, की कधी कधी असं होतं, त्या म्हणाल्या. पहिलं मूल निभावतं, पण त्या बाळंतपणात आईचं रक्त बाळाच्या रक्ताशी वैर शिकतं आणि पुढच्या बाळांना ते भोवतं. "इतक्या वर्षांनी छातीठोक सांगता येणार नाही, पण मला तसंच दिसतंय. दोघांचंही रक्त वाईट नव्हतं. ते एकमेकांशी जमलं नाही. आता त्यावर इंजेक्शन आहे. तेव्हा कुणाकडेच नव्हतं."

"म्हंजे... माह्या सावलीनं नाई गेले ते?"

"सावलीनं? नाही हो, बाई."

परतताना अनुसयाबाईनं बाजारात एक हिरवा खण घेतला. डोहाळजेवणात नलूची ओटी भरायची होती तिला. तीस वर्षांत पहिल्यांदाच तिला काहीतरी हवंसं वाटलं होतं.

घरी नलूनं सासूला सगळं सांगितलं. लीलाबाई वाईट नव्हती, फक्त भित्री होती. ती अनुसयाबाईला म्हणाली, "डॉक्टरीण म्हनते तं खरंच असन. पन पयलटकरीन हाय वं पोरगी. एवढ्या खेपेले ओटी राहू दे, बाई."

अनुसयाबाईला राग आला नाही. याचंच तिला वाईट वाटलं. कारण लीलाबाईनं जे म्हटलं, तेच तिच्याही मनात होतं. नलू दारात येऊन म्हणाली, "मोठ्याबाई, तुमी येजा. मी म्हनतो ना!" अनुसयाबाई हो म्हणाली. आणि डोहाळजेवणाच्या सकाळी, खण पदरात बांधून, वावरात निघून गेली.

बांधावर ती एकटीच बसली होती. घराकडून बायकांच्या गाण्याचे सूर तुटक तुटक येत होते. तिनं खण सोडून मांडीवर ठेवला. त्या चौघांसाठी ती आजवर कधी रडली नव्हती. ज्यानं मारलं त्यानं कुठल्या तोंडानं रडायचं, असं तिला वाटायचं. त्यांना तर नावंही नव्हती. बारशापर्यंत कुणी टिकलंच नव्हतं.

गाणी थांबली. आता तिकडं ओटी भरत असतील. अनुसयाबाईनं खणावरून हात फिरवला आणि कुणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू आवाजात पहिल्याला नाव दिलं. मग दुसऱ्याला दिलं. तिसऱ्याच्या नावापाशी तिला हुंदका फुटला, आणि चौथ्याचं नाव सांगायला तिला फार वेळ लागला.